सिक कोठार

माझे सासरे देव मानत नाहीत, नवस मानत नाहीत, मुहूर्ताचं नाव काढलं की मनगटावरचं घड्याळ पुढे करतात. पण रस्त्याच्या कडेला एखादं कललेलं, कवेलू म्हणजे कौलं घसरलेलं, भिंतीचं पोट सुटलेलं जुनं कोठार दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो भक्तिभाव पसरतो, तो मी भल्याभल्या भाविकांच्या तोंडावर पाहिलेला नाही. शेतातली जुनी बांधकामं हा त्यांचा एकुलता एक नाद. कोठार, गोठा, बैलगाडीचं छप्पर, भाताचं तणीस ठेवायचा मांडव, काहीही चालतं. अट एवढीच की ते त्यांच्यापेक्षा वयाने मोठं दिसलं पाहिजे. हल्ली त्यांचं स्वतःचंच वय वाढत चालल्यामुळे ही अट पुरी होणं कठीण झालंय, आणि ते मात्र म्हणतात की अलीकडे गोठ्यांचा दर्जा घसरला.

अख्खी नोकरी त्यांनी दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात काढली, मालगाडीचे डबे तपासण्यात. हातात लांब दांड्याची हातोडी आणि खिशात खडू. चाकावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. आवाज खणखणीत आला तर डबा 'फिट'. बद्द आला, किंवा कुठे काही निखळलेलं दिसलं, तर डब्यावर खडूने गोल काढून त्यात फुली मारायची आणि शेजारी 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहायचं. असा डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर नेतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा गाडीला जोडतात. रिटायर झाल्यावर हातोडी रेल्वेकडे जमा झाली, पण कान आणि खडू बाबांकडेच, म्हणजे सासऱ्यांकडेच, राहिले, आणि त्याची फळं आम्ही घरचे भोगतो. आमच्या फ्रिजवर, कूलरवर, पाण्याच्या मोटरवर, एवढंच नव्हे तर माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलच्या सीटवर मी गोल-फुली पाहिलेली आहे. शेजाऱ्यांच्या गेटवर ती उमटली तेव्हा मला जाऊन माफी मागावी लागली. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "एखाद्या दिवशी माह्यावरच गोल काढन हा माणूस." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुहा आवाज अजून खणखणीत हाय."

रेल्वेचं क्वार्टर सुटल्यावर त्यांनी रिसालीत घर बांधलं. सिमेंटचं, स्लॅबचं, फरशीचं, जसं सगळे बांधतात तसं. वास्तविक त्यांच्याच पैशांचं, त्यांच्याच देखरेखीखाली झालेलं घर, पण राहायला आल्याच्या दिवशीच त्यांनी हॉलच्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवून पाहिलं आणि जाहीर केलं, "हे घर मुकं हाय." गच्चीवर कवेलूंचं एक लहानसं छप्पर घालायचा त्यांचा बेत होता. माझा नवरा स्टील प्लांटमध्ये नोकरीला, त्याचं बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. तो म्हणाला, "बाबा, लोग हसेंगे यार. स्लॅबवर कवेलू कावून टाकून राहिले म्हणतील." बेत बारगळला. तेव्हापासून कोणी पाहुणा घराची तारीफ करू लागला की बाबा त्याला मधेच थांबवून उतईकडच्या एखाद्या गोठ्याची तारीफ करू लागतात.

मला या नादाचा पहिला प्रसाद मिळाला तो मला पाहायला ही मंडळी आमगावजवळच्या आमच्या खेड्यात आली तेव्हा. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. सासूबाई होत्या, मुलगा होता, आणि मुलाच्या वडिलांची खुर्ची रिकामी होती. बराच वेळ वाट पाहून माझे वडील शोधायला निघाले, तर पाहुणे आमच्या गोठ्यात. म्हणजे गोठ्यात नव्हे, गोठ्याच्या बाहेर, भिंतीला कान लावून. परत आल्यावर सासूबाईंनी डोळे वटारून विचारलं, "पोरगी पायली का?" बाबा खरं बोलले. म्हणाले, "पोरगी काही पायली नाई बुवा. पण ज्या घरचा गोठा अशा जतनीनं ठेवला हाय, त्या घरची पोरगी काय पाहाची?" माझे वडील दरवर्षी पावसाळ्यापूर्वी स्वतः वर चढून त्या गोठ्याचे कवेलू फेरत, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवत. त्या कामाची अशी कदर त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होती. दोघं व्याही तिथल्या तिथे एकमेकांच्या प्रेमात पडले. माझं लग्न त्या दोघांच्या मैत्रीच्या ओघात, जवळजवळ सोयीसाठी म्हणून झालं.

लग्नानंतर माझ्या लक्षात आलं की या घरात सुनेला स्वयंपाक येवो न येवो, स्कूटर चालवता आली पाहिजे. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागलेले, नवऱ्याला शिफ्ट, तेव्हा रविवारी सकाळी बाबांना मागे बसवून गावोगाव हिंडवणं हे माझं काम झालं. मी शाळेत शिकवते. आठवडाभर पोरांना सरळ बसा म्हणून ओरडायचं आणि रविवारी कललेल्या भिंतींचं कौतुक ऐकायचं. पहिले काही रविवार मी चिडून गेले. मग उत्सुकतेने जाऊ लागले. आता खरं सांगायचं तर मलाच चैन पडत नाही.

त्यांची पाहायची एक ठरलेली रीत आहे. स्कूटर लांबच थांबवायची. आधी कोठाराभोवती एक फेरी मारायची, हात मागे बांधून. मग खांबावर पेराने टकटक, भिंतीला कान, आणि समाधान झालं की मान डोलावून "बोलते" असं म्हणायचं. मालक कोणी आलाच तर त्याच्याशी पीक, पाणी, बैल अशा गप्पा. फोटो काढायला मला सक्त मनाई. "फोटोत कललेलं सरळ दिसते," म्हणतात. आणि एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकायची. मालकाने कितीही आग्रह केला तरी ते आत पाऊल टाकत नसत. चहा आला तर तो उंबऱ्याबाहेर, उभ्या उभ्या. मी एकदा म्हटलं, "अहो बाबा, एवढं प्रेम आहे तर आतून तरी पाहा." त्यांनी यार्डाचा नियम सांगितला, "डबा बाहेरूनच तपासतात, पोरी." मला वाटलं, असेल बुवा.

दवाखान्यातही हे सुटत नाही. गुडघ्याच्या एक्स-रेसाठी दुर्गला निघालो होतो. वाटेत एका आडरस्त्यावर त्यांना शेणाने सारवलेली भिंत दिसली आणि आम्ही डॉक्टरांची वेळ टळून गेल्यावर पोचलो. डॉक्टर रागावले. बाबांनी दवाखान्याच्या चकचकीत भिंतीवर पेर वाजवून पाहिलं आणि सहानुभूतीने म्हणाले, "तुमचा दोष नाई डॉक्टर, बिल्डिंगच नवीन हाय. भरवसा बसाले वेळ लागते."

पण या सगळ्या नातेवाइकांमध्ये, हो, नातेवाईकच म्हणायचे ते, एक कोठार सगळ्यांत लाडकं. उतईच्या पुढे एका गावात, रस्त्यापासून जरा आत. मातीची रुंद भिंत, तिचा रंग शेताच्याच रंगाचा झालेला, खाली छुईच्या पांढऱ्या मातीचा पट्टा. आढं मधोमध दबलेलं, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखं. दाराच्या फळ्या उन्हापावसाने राखाडी झालेल्या, पण कडी मात्र हातांनी घासून घासून चकाकणारी. कवेलूंवर कोहळ्याचा वेल चढलेला आणि त्यावर दोनचार पांढरट कोहळे निवांत पहुडलेले. छप्पर वेलाने धरून ठेवलंय की वेल छपराने, हे सांगता येऊ नये अशी अवस्था. संध्याकाळचं ऊन त्याच्यावर पडलं की मीही स्कूटर सुरू करायची विसरते. मालक तिथले दाऊ, म्हणजे गावातले मोठे शेतकरी, चाळिशीतले, सदा घाईत. कोठारासमोरच्या अंगणात त्यांची म्हातारी आई खाटेवर बसलेली असायची. त्या गावावरून नुसतं पुढे जायचं असलं तरी बाबा कोठाराकडे पाहून हात वर करत आणि म्हणत, "जयभीम." पहिल्यांदा मी स्कूटर थांबवून मागे पाहिलं. "अहो, तिथे कोणी नाही." बाबा म्हणाले, "हाय ना."

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही गेलो तर छपराचा एक कोपरा घसरलेला. आत ओल गेली असणार. बाबा फार अस्वस्थ झाले. तीनदा फेरी मारली. दाऊ घरी नव्हते, म्हातारीही अंगणात नव्हती. मी स्कूटर वळवत होते, तेवढ्यात बाबांनी काय करावं? खिशातून खडू काढला आणि दाराच्या राखाडी फळीवर चांगला ठसठशीत गोल काढून फुली मारली, बाजूला 'सिक' आणि खाली सही. मी ओरडले, "बाबा! लोकांचं दार आहे!" तर म्हणाले, "असू दे ना. मालक पाहीन, दुरुस्त करन." आपल्याला जे कळतं ते सगळ्या जगाला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत. आम्ही घरी आलो आणि मी ती गोष्ट विसरून गेले.

पुढच्या रविवारी लांबूनच दिसलं की कोठारावर माणसं चढलेली आहेत. बाबा मागून माझा खांदा थोपटत म्हणाले, "पाय, म्हणलं होतं ना? लागले कामाले." जवळ गेलो तसा त्यांचा हात खांद्यावरच थांबला. कवेलू फेरत नव्हते, उतरवत होते. अर्ध्या छपराच्या नुसत्या लाकडी फाट्या उरलेल्या. वेल तोडून बाजूला फेकलेला आणि कोहळे भिंतीशी रांगेने मांडलेले. दाऊ खाली उभे राहून भराभर हुकूम सोडत होते. त्यांनी आम्हाला ओळखून हिंदीत सांगितलं की ऑफिसवाले येऊन दारावर निशाणी करून गेले. रस्ता रुंद व्हायचाय, पलीकडच्या गल्लीत भिंतींवर लाल खुणा केल्याच आहेत, आता आमचा नंबर. बुलडोझरने चुरा करण्यापेक्षा आपल्या हाताने उतरवून घेतलेलं बरं, निदान लाकूड आणि कवेलू तरी वाचतील.

आणि त्यांनी बोट दाखवलं ते त्या गोल-फुलीकडे.

मी बाबांकडे पाहिलं. ती खूण कोणाची, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. स्कूटर चालूच होती. मी मनात म्हटलं, चला, निघू या आता. माझा स्वभाव तसा भित्रा आहे. पण बाबा उतरले, गुडघा धरून एक क्षण उभे राहिले आणि खिशातला खडू तळहातावर ठेवून त्यांनी तो दाऊंसमोर धरला. "दाऊजी, ऑफिसवाला कोई नहीं आया. ये मैंने लिखा."

दाऊंना समजेना. बाबांनी समजवायला सुरुवात केली, म्हणजे चरोद्याच्या यार्डापासून. चाक, हातोडी, बाजूचा रूळ, सगळं. "सिक याने मरा हुआ नहीं दाऊजी. सिक याने जो ठीक होगा. जो ठीक नहीं होगा उसपे हम सिक नहीं लिखते." हे ऐकताना मला त्यांची इतकी कीव आली, इतकी माया आली, की मी जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले. दाऊंचा चेहरा तांबडालाल झाला. "अंकल, हमारा कोठार क्या मालगाड़ी का डिब्बा है?" छपरावरची माणसं फिदीफिदी हसायला लागली. दाऊ त्यांच्यावर ओरडले, मग बाबांवर, मग कोणावरच नाही असं नुसतंच आकाशाकडे पाहून. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अर्धं छप्पर उतरलं होतं. कवेलू फेरणारी जुनी माणसं आता मिळत नाहीत. अर्धवट ठेवलं तर पुढच्या पावसात भिंती विरघळणार. "अब तो गिराना ही पड़ेगा," ते म्हणाले.

"मैं चढ़ा के दूंगा," बाबा म्हणाले. ज्या माणसाला आमच्या घराच्या तीन पायऱ्या कठड्याला धरून चढाव्या लागतात, तो हे म्हणाला.

तेव्हा मला म्हातारी दिसली. खाटेवरच होती, पण कोठाराकडे पाठ करून. सकाळपासून तशीच बसून होती म्हणे. आमचं बोलणं ऐकून ती हळूच वळली, उतरलेल्या छपराकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "रहन दे बेटा. चढ़ावत हे त चढ़ावन दे." दाऊ काही वेळ चपलेने माती उकरत राहिले. मग त्यांनी वरच्या माणसांना खाली यायला सांगितलं. आम्हाला मिळाला पुढचा रविवार, आणि तोही "देखते हैं" अशा शब्दांत.

त्या आठवड्यात आमच्या घरी जेवढे फोन झाले तेवढे माझ्या लग्नातही झाले नव्हते. रविवारी चरोद्याहून बाबांचे यार्डातले जुने सोबती आले, सगळे रिटायर, सगळे वेगवेगळ्या कारणांनी लंगडणारे. आमगावहून माझे वडील आले, लुंगी खोचूनच गाडीतून उतरले. माझ्या नवऱ्याला मी नाइट शिफ्टवरून परस्पर उचलून आणलं, तो जांभया देत म्हणत होता, "ये सब पागलपन है, पण चला." माझे वडील आणि गेल्या रविवारचेच दोन मजूर वर चढले. बाकीच्यांची खालपासून वरपर्यंत रांग, हातोहात कवेलू. रांगेच्या तोंडाशी बाबा, उलट्या घमेल्यावर बसलेले. प्रत्येक कवेलू पेराने वाजवून पाहायचा; खणखणला तर पुढे, बद्द बोलला तर बाजूला. आयुष्यभर ज्या सवयीपायी आम्ही त्यांची टर उडवली, तिच्याच तालावर दुपारपर्यंत ते छप्पर चढत गेलं. दाऊ आधी लांबून पाहत होते. मग त्यांनी घड्याळ काढून ठेवलं आणि रांगेत उभे राहिले.

आढ्याजवळचं काम आतून करायचं होतं, म्हणून सगळी मंडळी कोठारात शिरली. बाबा उंबऱ्याशी आले आणि थांबले. म्हातारीने ते पाहिलं. "बाहिरे काबर खड़े हव? भीतरी आव न," बाहेर का उभे म्हणून विचारत तिने आत बोलावलं. बाबांनी नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "चला ना बाबा, आता कुठला यार्डाचा नियम?" तेव्हा ते माझ्याकडे न पाहता हळू आवाजात बोलले. "माहा बाप मालगुजाराच्या घरी सालदार होता, भंडाऱ्याकडं. पोतं पाठीवर घेऊन उंबऱ्यापर्यंत न्यायचा. उंबऱ्याच्या आत दुसरे न्यायचे. आमाले आत जाणं नव्हतं. मी लहान होतो, त्याच्या संग बाहेर उभा राहाचो. आत केवढं हाय, कसं हाय, मले कधी समजलंच नाही, पोरी. बापालेबी नाही."

इतकी वर्षं मी हसत होते त्यांना. म्हातारीने पुन्हा हाक दिली, या वेळी जरा दरडावून, घरातल्या माणसाला देतात तशी. बाबांनी चपला काढल्या, पँट झटकली, आणि सावकाश तो उंबरा ओलांडला. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मी डोकावून पाहिलं तर रिकाम्या कोठाराच्या मधोमध उभे होते. वरच्या फटींतून उन्हाच्या तिरिपी येत होत्या, आणि माझे वडील वर एकेक कवेलू बसवत होते तशा त्या एकेक करून मिटत होत्या. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे ओले होते. मला एवढंच म्हणाले, "आतून लय मोठं हाय."

निघताना त्यांनी दारावरची गोल-फुली स्वतःच्या रुमालाने पुसली. दाऊंनी हसत त्यांच्या खिशातला खडू काढून त्यांच्याच हातात दिला. बाबा परत आत गेले आणि आतल्या भिंतीवर लिहून आले, 'फिट'.

आता त्यांना स्कूटरवर बसवत नाही. रविवारी मी एकटीच जाते. नवीन पीक आत आलंय, कोहळ्याचा वेल पुन्हा चढतोय, आणि परवा दिवाळीआधी म्हातारीने आतली भिंत छुईने पोतारली तेव्हा 'फिट'भोवती वीतभर जागा तशीच सोडून दिली. हे मी घरी येऊन सांगितलं. बाबा पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते. पेराने भिंतीवर उगाच टकटक करत होते, आपल्या त्या मुक्या घराच्या भिंतीवर.

"तू आत गेली होती ना?" त्यांनी विचारलं. "बाहेरूनच पाहून नाई ना आली?"

"आत गेले होते बाबा."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.